मालाचा फोटो, घरच्या घरी

आठवडी बाजारात आपण हळद कशी घेतो? आधी चिमटीत घेतो. बोटांवर चोळतो. नाकाशी नेतो. मग भाव विचारतो. मिरची असेल तर मोडून बघतो. पापड असेल तर उजेडाकडे धरून बघतो. दुकानदार तोंडाने काहीही सांगो, आपला भरवसा आपल्या हातावर आणि आपल्या नाकावर.

आता दुसरी गोष्ट बघा. पुण्यात राहणारी एक बाई आहे. तिला वर्धा जिल्ह्यातली हळद हवी आहे. ती काही हळदीसाठी वडनेरला येणार नाही. तिच्या हातात मोबाईल आहे. मोबाईलला वास नाही, चव नाही. चिमटीत धरावे असे त्यात काही नाही. तिला दिसतो फक्त एक फोटो. त्या एका फोटोवरून ती ठरवते, पैसे पाठवायचे की नाही.

म्हणजे हाताचे, नाकाचे आणि जिभेचे काम त्या फोटोला करायचे आहे. काम मोठे आहे. म्हणून ते नीट शिकून घेतले पाहिजे. शिकायला पैसा लागत नाही. दार लागते, एक पांढरा कागद लागतो, आणि थोडी सबुरी लागते.

आमच्या भागातल्या बचतगटांच्या बाया आता हळद, तिखट, पापड, शेवया, जवसाची चटणी असे किती तरी जिन्नस करतात. काही जणी मुंबईला महालक्ष्मी सरसच्या प्रदर्शनात माल नेतात. तिथे गिऱ्हाईक माल हातात घेऊन बघते, चाखते, खूश होते. पण प्रदर्शन संपले की गिऱ्हाईक आपल्या घरी आणि बाई आपल्या गावी. पुढचा व्यवहार फोनवरच. तिथे फोटो फसला तर चांगला मालही घरात पडून राहतो.

एका बचतगटाच्या ताईंनी मला त्यांच्या हळदीचा फोटो दाखवला. म्हणाल्या, "गुरुजी, हयद तं पिवळीधम्मक हाये जी. मंग फोटोत अशी मातीवानी कामून दिसते?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मी विचारले, फोटो कधी काढला? त्या म्हणाल्या, रात्री, जेवणंखाणं झाल्यावर. कुठे काढला? स्वयंपाकघरात, बल्बच्या उजेडात. उत्तर त्यांच्याच बोलण्यात होते.

उजेड कुठला घ्यावा

फोटो म्हणजे उजेडाने काढलेले चित्र. उजेड कमी पडला की मोबाईल काय करतो? तो प्रत्येक फोटोसाठी जास्त वेळ उजेड गोळा करत राहतो. तेवढ्या वेळात आपला हात हलतो. चित्र फिसकटते. शिवाय कमी उजेडात चित्रावर रवा सांडल्यासारखे ठिपके येतात. बारीक दळलेली हळदसुद्धा मग भरड दिसते.

यावर पुष्कळ लोक एक उपाय करतात. मोबाईलचा तो भक्कन लागणारा दिवा, फ्लॅश, लावतात. तो लावू नये. तो दिवा समोरून थेट मालावर पडतो. पाकिटाच्या प्लॅस्टिकवर पांढरा डाग उमटतो आणि नेमके त्या डागाखाली आपले नाव झाकले जाते. पापड समोरून उजळला की त्यावरची मिरी, जिरे, फुगवटे काही दिसत नाही. सगळे सपाट, भिंतीला चुना फासल्यासारखे.

इथे आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगतो. गांधीजी १९३६ साली शेगावला राहायला आले. त्या गावाचे नाव पुढे सेवाग्राम झाले. तिथे त्यांच्या नात्यातला कनु गांधी नावाचा तरुण होता. आश्रमात तो लिखापढीचे काम करी. त्याला फोटो काढण्याचा नाद लागला. घनश्यामदास बिर्ला यांनी कॅमेऱ्यासाठी पैसे दिले. गांधीजींनी परवानगी दिली, पण तीन अटी घातल्या. फ्लॅश लावायचा नाही. मला अमुक ठिकाणी बसा, तमुकीकडे बघा, असे सांगायचे नाही. आणि आश्रम या कामासाठी पैसा देणार नाही.

कुडाच्या भिंतींची घरे, त्यांत उजेड तो किती असणार! तरी १९३८ पासून गांधीजींच्या अखेरीपर्यंत, म्हणजे १९४८ पर्यंत, कनु गांधींनी त्यांचे फोटो काढले. दारातून, खिडकीतून, पडवीतून येईल तेवढ्या उजेडावर भागवायचे. त्यांचे कितीतरी फोटो आज जगभर ओळखले जातात. त्यांना रीळ विकत घ्यावे लागे, आणि रिळावर मोजकेच फोटो येत. आपल्या मोबाईलमध्ये रिळाचा खर्च नाही. एक बिघडला, दुसरा काढा.

तर उजेड दाराचा घ्यावा. कसा, ते बघू.

सकाळी आठ ते दहा किंवा दुपारी चारनंतर ओसरीवर या. ऊन जिथे थेट पडत नाही, पण उजेड भरपूर आहे, अशी जागा पाहा. थेट उन्हात माल ठेवू नका. आपल्या वैदर्भी उन्हाचे काय सांगावे! त्यात एक बाजू भाजल्यासारखी पांढरी होते आणि दुसरी बाजू काळी पडते. घराचे दार किंवा खिडकी उत्तरेकडे असेल तर फार चांगले. तिथून वर्षातले बहुतेक महिने थेट ऊन आत येत नाही. जुन्या काळचे फोटोवाले आपल्या खोलीला मुद्दाम उत्तरेकडून काचा लावून घेत, ते यासाठीच.

पावसाळ्यात आभाळ भरून आलेले असते तेव्हा लोक म्हणतात, आज अंधारून आले, फोटो कसे निघणार? उलट तो दिवस हातचा सोडू नये. ढगांमुळे सगळे आभाळच एक मोठा दिवा होते. सावल्या मऊ पडतात. फक्त ओल्या हवेत पापड मऊ पडणार नाही एवढे बघा.

ऊन टाळता येत नसेल तर दारावर पांढरे धोतर किंवा पातळ पांढरे लुगडे पडद्यासारखे बांधा. ऊन त्यातून गाळून येते, जसे पीठ वस्त्रगाळ होते तसे. कापड रंगीत नको. हिरव्या लुगड्यातून आलेला उजेड हळदीला हिरवट करील.

आणि दिवसाच्या उजेडात फोटो काढताना घरातला बल्ब बंद करा. दोन तऱ्हेचे उजेड एकत्र आले की मालाची एक बाजू निळसर आणि एक बाजू पिवळसर दिसते.

मांडणी

दाराजवळ एक पाट किंवा स्टूल ठेवा. दार मालाच्या डाव्या किंवा उजव्या हाताला यावे. तुमच्या पाठीमागे दार आले तर तुमचीच सावली मालावर पडते. मालाच्या पाठीमागे दार आले तर माल काळा दिसतो. बाजूने उजेड आला की वस्तूचा पोत उठून दिसतो. शेवयांची धार दिसते. खादीची वीण दिसते. टोपलीचा प्रत्येक पेड मोजता येतो.

आता शाळेच्या दुकानात मिळते ते जाड पांढरे कार्डशीट आणा. एक टोक भिंतीला चिकटवा आणि दुसरे पाटावर येऊ द्या. मध्ये घडी घालू नका, कागदाला नुसता बाक येऊ द्या. घडी नसली की मागे रेघ दिसत नाही आणि माल जणू मोकळ्या जागी ठेवलेला दिसतो. दुसरे एक कार्डशीट अर्धे कापा आणि दाराच्या विरुद्ध बाजूला उभे करा. दारातून आलेला उजेड त्यावर आपटून परत फिरतो आणि मालाची अंधारी बाजू उजळतो. स्टीलची थाळी यासाठी वापरू नका. थाळीचा कवडसा पडतो. कागदाचा पडत नाही.

एवढा आमचा सगळा स्टुडिओ. मी शाळेत जन्मभर खडू-फळ्यावर काम भागवले, त्यामुळे मला या साधेपणाचे कौतुक जरा जास्तच आहे, असे म्हणा हवे तर.

फुलाफुलांचा मेणकापडी टेबलक्लॉथ, देवाची तसबीर, मागे वाळत घातलेले कपडे, पाण्याची टाकी, बसलेले मांजर, हे काही फोटोत नको. गिऱ्हाईक हळद सोडून मांजर बघत बसते. घरातली माणसेही मागे दिसू नयेत. कोणाचाही चेहरा न विचारता गावोगाव पाठवणे बरे नाही.

मोबाईलला काय कळते आणि काय कळत नाही

मोबाईलचे भिंग आधी पुसा. हे सगळ्यांत सोपे काम, आणि सगळ्यांत जास्त विसरले जाणारे. तिखट कांडताना, तेल लावताना तोच मोबाईल आपण उचललेला असतो. भिंगावर तेलाचा हात लागला की फोटो धुक्यातून काढल्यासारखा येतो. धुतलेल्या मऊ सुती कापडाने हलके पुसा. पदराला खरखरीत कण असेल तर भिंगावर चरे पडू शकतात.

आता ताईंच्या हळदीकडे पुन्हा येऊ. रात्रीच्या उजेडाचे कारण आपण पाहिले. दुसरेही एक कारण आहे, आणि ते समजून घेण्याजोगे आहे.

आपल्या डोळ्याला पांढरा कागद बल्बखालीही पांढराच वाटतो आणि उन्हातही पांढराच वाटतो. डोळ्यामागे मन आहे. त्याला ठाऊक असते की कागद पांढरा आहे. मोबाईलला तसे ठाऊक नसते. तो अंदाज करतो. परातभर हळद जवळून दाखवली आणि चौकटीत दुसरे काहीच ठेवले नाही, तर तो समजतो, 'हा उजेडच पिवळा दिसतो.' मग तो चित्रातला पिवळा रंग कमी करतो. हळद फिकी पडते. उपाय साधा आहे. हळद पांढऱ्या चिनी बशीत ठेवा, किंवा बशीखाली पांढरा कागद येऊ द्या. चौकटीत थोडे पांढरे दिसले की मोबाईलचा अंदाज सुधारतो.

पांढऱ्या मालाची गंमत निराळी. पांढऱ्या कागदावर उडदाचा पापड ठेवला की मोबाईलला वाटते, उजेड फार झाला. तो चित्र अंधारे करतो. पापड राखेसारखा दिसतो. तेव्हा मोबाईलच्या पडद्यावर पापडाच्या जागी बोट टेकवा. बाजूला सूर्याची लहानशी खूण येते. ती बोटाने वर सरकवा. चित्र उजळते. पापड डोळ्याला दिसतो तेवढाच उजळ झाला की थांबा. किंवा पापड, कुरडया, साबुदाण्याच्या चकल्या असा पांढरा माल सागवानी पाटावर नाही तर काळ्या घोंगडीवर मांडा. कडा स्वच्छ दिसतात. काळ्यावर मांडल्यास उलटे होते, मोबाईल चित्र नको इतके उजळ करतो. मग सूर्याची खूण खाली सरकवा.

बोटे फाकवून चित्र मोठे करू नका. तसे केल्याने अनेक मोबाईलवर चित्र फाटके येते. आपणच पुढे सरकावे. पण फार पुढेही नको. भिंग वस्तूच्या नाकाशी नेले की जवळचा भाग फुगलेला दिसतो आणि कडा वाकड्या होतात. हातभर अंतर पुष्कळ झाले.

पाकीट किंवा बरणी उभी असेल तर मोबाईलही तिच्या उंचीला आणा. त्यासाठी खाली बसावे लागते, गुडघे दुखतात, पण इलाज नाही. उभ्याने वरून फोटो घेतला तर बरणी डोक्याला रुंद आणि पायाला निमुळती दिसते. ताटातला माल मात्र वरून सरळ घ्यावा, नाही तर जेवायला बसलेला माणूस ताटाकडे बघतो तेवढ्या तिरक्या नजरेने घ्यावा.

हात हलत असेल तर मोबाईल पितळी डब्याला किंवा विटांना टेकवून ठेवा. दोन्ही कोपरे स्टुलावर रोवली तरी चालते.

प्लॅस्टिकच्या पाकिटावर चमक येते तिचे काय? उजेड चेंडूसारखा असतो. भिंतीवर चेंडू तिरका मारला तर तेवढाच तिरका होऊन पलीकडे जातो. दारातला उजेड पाकिटावर आपटून नेमका भिंगात शिरतो म्हणून चमक दिसते. पाकीट जरा फिरवा. चमक सरकत जाईल. ती चौकटीतून गेली की फोटो काढा. तांब्याची, पितळेची आणि काचेची भांडी यांनाही हाच नियम. त्यांत तर फोटो काढणारा माणूसही दिसतो. म्हणून पांढरी किंवा साधी कपडे घालून एका बाजूने काढावा.

किती फोटो हवेत

एका मालाचे चार फोटो तरी हवेत. पहिला, पाकिटाचा समोरून. दुसरा, पाकिटाच्या पाठीचा, जिथे मजकूर छापलेला असतो. तिसरा, आतला माल उघडून. चौथा, माल केवढा आहे ते कळेल असा.

हा चौथा फोटो लोक विसरतात आणि भांडण तिथेच होते. पडद्यावर पाव किलोचे पाकीटही मोठे दिसते आणि दोन किलोचेही. पाकिटाशेजारी हात, वाटी किंवा चमचा ठेवा. पापडाशेजारी हाताचा पंजा ठेवा. 'अहो, फोटोत केवढा मोठा होता!' असे मग कोणी म्हणणार नाही.

पाठीच्या फोटोत अक्षरे वाचता आली पाहिजेत. बांधून विकायच्या मालावर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी फोन, हे सर्व कायद्याने छापावे लागते. खाण्याचा माल असेल तर आत काय काय आहे ते, अन्न सुरक्षा खात्याचा चौदा अंकी नंबर आणि शाकाहारी मालावर हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका हवा. शहरातले गिऱ्हाईक फोटो मोठा करून हे वाचते. मी स्वतः दुकानात चष्मा लावून वाचतो, आणि दुकानदार कंटाळतो.

अॅमेझॉनसारख्या मोठ्या दुकानावर माल चढवायचा असेल तर त्यांची अट असते की पहिल्या फोटोची पार्श्वभूमी शुभ्र पांढरी असावी आणि मालाने चौकट बरीचशी भरलेली असावी. आपले कार्डशीट तिथे कामास येते.

रंग चढवू नये

आता मुख्य गोष्ट. मोबाईलमध्ये रंग चढवायची सोय असते. बोट लावले की हळद केशरी होते, तिखट कुंकवासारखे लाल होते, डाळ सोन्यासारखी चमकते. मोह होतो. करू नये.

समजा, हळदीचे पाकीट दीडशे रुपयांना विकले. फोटोत हळद केशरी दिसली. पुण्याच्या बाईने पाकीट उघडले, हळद पिवळी निघाली. तिच्या मनात पहिला विचार काय येतो? 'दुसराच माल दिला.' ती पाकीट परत पाठवते. जायचा टपालखर्च गेला. परत यायचा गेला. फोडलेले पाकीट दुसऱ्याला विकता येत नाही. हळद गेली, पैसे गेले. आणि तिने दहा मैत्रिणींना सांगितले ते वेगळेच. हळद तर खरी होती. खोटा होता तो फोटो.

हळदीच्या बाबतीत तर जास्तच जपावे. काही लबाड व्यापारी हळदीला पिवळी चमक यावी म्हणून शिशाचे विषारी रंग मिसळतात, हे लोक आता ऐकून आहेत. फार भडक पिवळा रंग बघून जाणते गिऱ्हाईक खूश होत नाही. ते घाबरते.

आपल्या शेजारच्या समुद्रपूर तालुक्यातली वायगावची हळद तिच्या गडद रंगासाठी नावाजलेली आहे. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे त्या ठरवून दिलेल्या भागातलीच हळद त्या नावाने विकता येते. तुमची हळद वायगावची असेल तर तसे अभिमानाने लिहा, आणि तिचा जो रंग आहे तोच फोटोत येऊ द्या. तुमची हळद दुसऱ्या गावची असेल तर त्या गावचे नाव लिहा. वायगावचे नावही उसने घेऊ नका आणि वायगावचा रंगही घेऊ नका.

फोटो खरा आहे की नाही, हे तपासायची एक रीत आहे. फोटो काढल्यावर मोबाईल त्या मालाशेजारी धरा, त्याच उजेडात. एकदा मालाकडे बघा, एकदा पडद्याकडे. घरातल्या दुसऱ्या माणसालाही बघायला सांगा. ज्याने माल केला त्याला तो नेहमीच छान दिसतो. सुनेला विचारा, नाही तर शेजारच्या काकूंना. चित्र अंधारे आले असेल तर थोडे उजळ करायला हरकत नाही, वाकडे आले असेल तर कडा कापायलाही हरकत नाही. कसोटी एकच, पडद्यावरचे आणि पाटावरचे जुळले पाहिजे.

कायदाही हेच सांगतो. इंटरनेटवरून होणाऱ्या विक्रीसाठी २०२० साली सरकारने ग्राहक संरक्षणाचे नियम केले. विकणाऱ्याची जाहिरात आणि प्रत्यक्ष माल यांत मेळ असावा, असे त्यांत लिहिले आहे. दुसऱ्याच्या मालाचा सुंदर फोटो इंटरनेटवरून उचलून आपल्या पाकिटाखाली लावणारेही पुष्कळ आहेत. त्यात दोन अपराध होतात. एक गिऱ्हाईकाचा. दुसरा ज्याने फोटो काढला त्याचा, कारण १९५७ च्या कायद्याने फोटोवरही मालकी असते.

पाठवताना

व्हॉट्सअॅपवरून फोटो साधा पाठवला की तो आकसतो. पाठीवरची बारीक अक्षरे पुसट होतात. म्हणून पाठवताना एचडी अशी खूण असते ती दाबा, नाही तर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हॉट्सअॅप बिझनेस नावाचे जे निराळे अॅप आहे, त्यात मालाची यादी फोटोसह लावून ठेवता येते. त्याला कॅटलॉग म्हणतात. पैसे पडत नाहीत. प्रत्येक फोटोखाली मालाचे नाव, वजन आणि किंमत लिहावी. 'किंमत फोनवर विचारा' असे लिहू नये. विचारायला संकोचणारे लोक तसेच पुढे निघून जातात.

पाकीट बदलले, वजन बदलले किंवा किंमत बदलली की जुना फोटो काढून टाका आणि नवा लावा. नव्या वर्षाची हळद जुन्या हळदीपेक्षा जरा वेगळ्या रंगाची निघते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. नवी हळद दळून आली की एक सकाळ ओसरीवर बसून तिचे चार फोटो नव्याने काढावेत. कार्डशीट गुंडाळून आढ्याला टांगून ठेवा. उंदरांनी कुरतडले नाही तर दोनतीन हंगाम सहज पुरते.